यामिनीचा उजवा गुडघा

चौकातल्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो आशिषकाकाचा होता. जोडलेले हात, गळ्यात चेन, आणि चेहरा असा की जणू निवड त्याचीच झालीये. त्याच्या खांद्यामागे वॉर्डातले चार भिया, म्हणजे गल्लीतले पुढारी, ओळीनं उभे, आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून की काय, हेल्मेट घातलेली एक गोलकीपर. वर झगझगीत अक्षरांत: ‘इंदौर की शान यामिनी आठल्ये को भारतीय हॉकी टीम में चयन की हार्दिक बधाई’.

ती गोलकीपर यामिनी नव्हतीच. काकानं नेटवरून उचललेला तो फोटो कुठल्या तरी दुसऱ्याच देशाच्या कीपरचा होता. यामिनीच्या भाचीनं, शमिकानं, तो शुक्रवारीच ओळखला आणि काकाला सांगितलंही. काका म्हणाला, “हेल्मेटमधे कोण बघतंय, बेटा? भावना बघ.”

तेही चाललं असतं. पण रविवारी दुपारी, जेवणं होऊन ताटं उचलली जात असतानाच संघ जाहीर झाला आणि शमिकाच्या फोनवर यादी उघडली. तिनं वरून खाली वाचली, मग खालून वर. वीस नावांत आत्याचं नाव नव्हतं. वीस नावांच्या खाली एक रेघ होती आणि रेघेच्या खाली दोघी राखीव. त्यातली एक यामिनी आठल्ये. स्टँडबाय.

संध्याकाळी सहाला उघडी जीप येणार होती. ढोल येणार होता. शमिकाची आई, रमा, सकाळपासून ओट्याशी उभी राहून कचोऱ्यांचं सारण परतत होती.

“जीप कॅन्सल कर,” शमिकाचे बाबा, हृषीकेश, म्हणाले. ते वीजकंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि घरातही फाईल बंद केल्यासारखंच बोलायचे.

“दादा, सगळं लोकमान्य नगर येऊन राहिलंय! काय सांगू लोकांना? सॉरी भिया, फ्लेक्स गलती से लग गया?”

“फ्लेक्सची घाई कोणी केली होती?”

“त्या परांजपेंच्या नातवाचा नाही लागला निकालाच्या आधी?”

“तो बारावी पास होणार होता, आशू. ते नक्की होतं.”

“आपलंही नक्कीच होतं ना! इतक्या वर्षांत एकदा तरी नाव सुटलं का तिचं? मी काय हवेत लावला फ्लेक्स?”

आजी, म्हणजे सुलोचनाबाई, सोफ्याच्या कडेला बसून शेंगा सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “यामिनीला कळलं का?”

यामिनी पहाटेच्या विमानानं बंगळूरूच्या कॅम्पमधून दोन दिवसांच्या सुटीवर आली होती, पोटभर जेवली होती आणि वरच्या खोलीत झोपली होती. घरातल्या माणसांना एखादी वाईट बातमी कळते तेव्हा ती ज्याची असते त्यालाच शेवटी सांगायची, ही आठल्यांची जुनी रीत. आबा, म्हणजे आजोबा, गेले तेव्हा तर खुद्द आजीलाच सगळ्यात शेवटी कळलं होतं.

“पण टेन्शन नको,” आशिषकाका एकदम उजळून म्हणाला. “मी सांभाळून घेतलंय. उन्मेषला फोन केला. आपला उन्मेष, माझ्या वर्गातला, त्याचं ते न्यूजचं पेज नाही का? त्याला म्हटलं, निवड झालीच होती, पण ऐन वेळेस गुडघा गेला. उजवा.”

“उजवा का?” शमिकानं विचारलं.

“काहीतरी तर सांगावं लागतं. डिटेल असली की लोक विश्वास ठेवतात.”

शमिकाला वाटलं, आता बाबा भडकणार. देपालपूरच्या जमिनीची वाटणी झाल्यापासून हे दोघे भाऊ एकमेकांशी दिवाळीलासुद्धा मोजून बोलायचे. सांवेर रोडवरच्या काकाच्या कारखान्याच्या पूजेला बाबा गेले होते ते पेढा न खाता परत आले होते. पण बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“वाईट नाही,” ते म्हणाले. “खरं तर चांगलंच आहे. दुखापतीनं थांबली म्हटलं की मान राहतो. नोकरी आहेच, रेल्वेत तिला ऑफिसर करायला ते तयारच आहेत. इथे बदली मागता येईल. किती दिवस पळणार आहे अजून?”

“बस! मी हेच तर म्हणून राहिलो!” काकानं टाळीसाठी हात पुढे केला. आणि बाबांनी टाळी दिली! शमिकानं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. जे आजीच्या रडण्यानं झालं नव्हतं, ते आत्याच्या गुडघ्यानं झालं.

“दुखण्यात लाज कसली,” आजीही म्हणाली. “घरी येईल माझी पोर. चार दिवस सुखानं राहील.”

तीन मतं एका बाजूला. आई ओट्याशी पाठमोरी होती. तिचा झारा मात्र थांबला होता.

शमिका अकरावीत होती. गेल्या महिन्यापर्यंत ती मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायची नाही. पण गेल्या महिन्यात विभागीय स्पर्धेच्या फायनलला पेनल्टी कॉर्नरवर तिनं दोन गोल मारले होते, सगळ्या शाळेनं तिच्या नावाचा गजर केला होता, आणि तेव्हापासून तिचा आवाज कसा आपोआप छातीतून निघायला लागला होता. तो आत्ताही निघाला.

“काका, स्टँडबायचा अर्थ माहितीये का तुम्हाला?”

“म्हणजे एक्स्ट्रा.”

“म्हणजे तयार! वीस जणींपैकी कोणाला काही झालं, तर हिला उचलणार. रात्री सांगितलं तर सकाळी निघायचं. त्यासाठी फिट असावं लागतं. आणि तुम्ही सगळ्या जगाला सांगितलं की तिचा गुडघा गेलाय!”

“सगळ्या जगाला कुठे? उन्मेषच्या पेजला.”

शमिकानं फोन त्याच्या नाकासमोर धरला. उन्मेषच्या पेजवर लाल पट्टी झळकत होती: ‘इंदौर की बेटी चोटिल, टूटा सपना’. खाली रडक्या संगीतावर आत्याचे जुने फोटो सरकत होते. बंगळूरूच्या दोन मुलींनी ती पोस्ट पुढे पाठवली होती. एका निवृत्त खेळाडूनं खाली हात जोडले होते.

“अरे वा, बराच चाललाय की,” काका म्हणाला आणि मग फोन हळूच बाजूला सारला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. यामिनी खाली आली ती एका हातात फोन घेऊन, केस विस्कटलेले, उशीचा वळ गालावर. तिचा उजवा गुडघा प्रत्येक पायरीवर व्यवस्थित वाकत होता. सगळ्यांचे डोळे त्या गुडघ्यावर होते.

“कोणी सांगितलं?” तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. गोलमधे उभी असतानाही ती कधी ओरडायची नाही. मागच्या फळीतल्या मुलींना जेवढं ऐकू जावं तेवढंच बोलायची.

“यामू, बस आधी,” बाबा म्हणाले. “लिस्ट पाहिलीस का?”

“लिस्ट मला काल रात्रीच सांगितली होती, दादा. कोचनं स्वतः. मी तुम्हाला संध्याकाळी निवांत सांगणार होते. फ्लेक्स मला येतानाच दिसला.” ती काकाकडे वळली. “चांगला आलाय तुझा फोटो. गुडघ्याचं कोणी सांगितलं?”

काकानं घसा साफ केला. “देख, तुझ्याच इज्जतीसाठी...”

“मॅनेजर सरांचा फोन होता आत्ता. दुसऱ्या कीपरच्या अंगठ्याला सकाळी बॉल लागलाय. सुजलाय. एक्स-रे काढायला नेलंय तिला. सर म्हणाले, तुलाच बोलावणार होतो, पण इथे सगळ्यांच्या फोनवर तुझा गुडघा फिरतोय. मी म्हटलं, सर, मी एकदम ठीक आहे. ते म्हणाले, यामिनी, टूरच्या आधी सगळ्याच ठीक असतात.”



“मग?” शमिकानं विचारलं.

“मग आज रात्रीपर्यंत त्यांना एक व्हिडिओ हवाय. पॅड घालून, शॉट्स झेलताना. एकसलग, कटिंग नाही. तो पाहून ठरवणार. नाहीतर राउरकेल्याच्या पोरीला बोलावतील. ती एकोणीसची आहे आणि चांगली आहे.”

“मग तिलाच जाऊ दे की,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “यामू, मी तुझा शत्रू नाही. पण असं रेघेखाली बसून वाट बघत राहायचं? कोणाचा अंगठा सुजतोय का, कोणाचा पाय मुरगळतोय का? तू भारताकडून खेळलेली मुलगी आहेस. हे तुला शोभत नाही. सन्मानानं थांब.”

“एकदम सही,” काका म्हणाला, पण आता त्याच्या आवाजात दम नव्हता.

“तिला विचारलं का कोणी?” ही आई होती. ती झारा हातात घेऊनच वळली होती. “मघापासून मी ऐकतेय. तिची इज्जत, तिचा मान, तिची बदली. सगळं तुम्हीच ठरवून टाकलंत. ती वर झोपली होती, हो! वरचा जिना चढून विचारायला कोणाचा गुडघा गेला होता?”

शमिकाला आईला उचलून घ्यावंसं वाटलं. रमा बाबांविरुद्ध चारचौघांत बोलल्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही हातात तेलाचा झारा घेऊन.

“वहिनी,” यामिनी म्हणाली आणि हसली. मग बाबांकडे वळली. “दादा, मी वाट नाही बघत. मी रोज सकाळी त्याच मैदानावर जाते, त्याच मुलींचे बॉल अडवते. त्या वीस जणी ज्या गोलवर सराव करतात ना, त्या गोलमधे मीच उभी असते. मला थांबायचं असेल तेव्हा मी थांबेन. सांगून थांबेन. आज माझा पाय चालतोय.”

बाबांनी आजीकडे पाहिलं. शेवटचा कौल तिचाच असायचा. “आई, तू सांग हिला.”

आजीनं शेंगांची टोपली बाजूला ठेवली आणि पदराला हात पुसले.

“मी किती वर्षं बदलीवर शिकवलं, हृषी, आठवतं तुला?”

“बदलीवर?”

“लीव्ह व्हेकन्सी. कोणी बाई बाळंतपणाला गेली, कोणी आजारी पडली, की शाळेचा शिपाई यायचा सायकलवर बोलवायला. मी रोज दहाच्या आत स्वयंपाक उरकायची, इस्त्रीची साडी नेसायची आणि भाजी निवडत बसायची. तुझे बाबा हसायचे. म्हणायचे, कोणाच्या आजारपणाची वाट बघतेस? मी म्हणायची, मी वाट बघत नाही, मी तयार आहे.” आजी यामिनीकडे बघत होती. “एकदा तो शिपाई आला तेव्हा घरात पाहुणे होते. माझ्या सासूबाईंनी त्याला दारातूनच सांगितलं, सूनबाईंना बरं नाही. मी आत पोळ्या लाटत होते. ऐकलं मी. बाहेर नाही आले. ती जागा पुढे कायम झाली. जी बाई गेली ती तिथूनच रिटायर झाली. मला कायम व्हायला आणखी सहा वर्षं लागली.”

“हे तू कधी सांगितलं नाहीस,” बाबा म्हणाले.

“घरच्यांनी वाईटासाठी थोडंच सांगितलं होतं? घराची शोभा जाऊ नये म्हणून सांगितलं.” आजी उठली. “आशू, तो तुझा उन्मेष कुठाय? त्याला बोलव. कॅमेरा घेऊन म्हणावं. आणि रमा, कचोऱ्या कर तू. माणसं तर येणारच आहेत.”

असं एका टोपलीभर शेंगांच्या वेळात घर इकडचं तिकडे झालं. काका तर असा फिरला की जणू मूळ कल्पना त्याचीच होती. “जीप कशाला कॅन्सल? जीप पाहिजेच! किटबॅग काय डोक्यावर नेणार? शमिका, चल, गच्चीवरून किट आण.”

ते किट आणणं म्हणजे शिक्षाच होती. पॅड, पायांवरचे जाड किकर, छातीचं कवच, हातमोजे, हेल्मेट, आणि सगळ्यात मुरलेला कित्येक सामन्यांचा घाम. म्हणूनच ते घरात कधी यायचं नाही, गच्चीवर उन्हात पसरलेलं असायचं. शमिकानं नाक दाबलं नाही. तिनं ते छातीशी धरून खाली आणलं.

सहा वाजता ढोल वाजायला लागला तेव्हा लोकमान्य नगरच्या लोकांनी एक अजब मिरवणूक पाहिली. उघड्या जीपमधे हारांच्या मधोमध किटबॅग बसली होती. जिचा सत्कार, ती ट्रॅकपॅंटमधे जीपच्या पुढे हलकं हलकं पळत होती. मागे कचोऱ्यांची परात घेऊन आई, आईच्या बाजूला आजी, आणि आजीला हात दिल्यासारखं करून खरं तर तिच्याच आधारानं चालणारे बाबा.

“भिया राम!” इंदुरी रामराम ठोकत उन्मेष मोटरसायकलवरून उतरला. “आशिष, यार, ये तो दौड़ रही है!”

“चालव कॅमेरा,” काका म्हणाला. “और सुन, पुरानी वाली पोस्ट हटा.”

शमिकाच्या शाळेचं मैदान कॉलनीच्या मागेच होतं. रविवारी सराव असायचा म्हणून फाटक उघडं होतं. टर्फ नाही, मुरमाची जमीन, एका बाजूला चुन्याच्या रेघा आणि जाळीत दोन ठिकाणी गाठी मारलेला गोल. यामिनीनं पॅड बांधले. एकेक पट्टा ओढून घट्ट केला. हेल्मेट घातलं आणि गोलच्या रेघेवर दोनदा पाय आपटले. लोक रेघांच्या बाहेर उभे राहिले. ढोलवाल्यानं आपण होऊनच वाजवणं थांबवलं.

“कोण मारणार?” उन्मेषनं विचारलं. शाळेच्या पोरी एकमेकींना ढकलायला लागल्या.

“मी,” शमिका म्हणाली.

“हळू मार हं, बेटा,” काका तिच्या कानाशी पुटपुटला. “पहिले दोन-तीन आरामात. हिरोईन दिसली पाहिजे.”

गोलमधून आवाज आला, जेवढा ऐकू यावा तेवढाच. “शमे. मला सांभाळून मारलंस तर पुन्हा माझ्याकडे स्टिक मागायला येऊ नकोस.”

शमिकानं बॉल वर्तुळाच्या टोकावर ठेवला. आत्याचं वजन कोणत्या पायावर आहे, ते तिनं पाहिलं. डावा हात किंचित वर, स्टिक उजवीकडे. मग ती धावली आणि मारला. पूर्ण मारला. बॉल जमिनीला चिकटून गेला, आत्याच्या उजव्या पायाच्या बाहेरून. पाय गेला, पण एका वितीनं कमी पडला. गोलमागच्या लाकडी फळीवर फाटदिशी आवाज झाला.

गोल.

उजवा पाय. उजवाच!

“कट! कट कर, उन्मेष!” काका ओरडला. “पहिल्यापासून घेऊ!”

“सुरू ठेव,” यामिनी म्हणाली. तिनं हेल्मेट वर केलं नाही. बॉल स्टिकनं बाहेर ढकलला. “एकसलग पाहिजे म्हटलंय. शमे, छान होता. परत तिथेच.”

“तिथेच?”

“तिथेच. त्याहून जोरात.”

शमिकानं बॉल पुन्हा वर्तुळाच्या टोकावर ठेवला. आत्ता तिला फक्त गोलचा तो कोपरा दिसत होता आणि आपल्याला तिथे मारता येतं हे पक्कं माहीत होतं. ती धावली. बॉल सुटल्याक्षणीच तिला कळलं, पहिल्यापेक्षा चांगला बसलाय. यामिनी आडवी गेली. सगळंच्या सगळं अंग जमिनीवर, उजवा पाय लांब, मुरूम उडाला, आणि बॉल किकरच्या टोकाला लागून चुन्याच्या रेघेबाहेर गेला.

लोक जे ओरडले त्याला ढोलाचीही जोड लागली नाही. यामिनी तोवर उठून परत रेघेवर उभी होती. “पुढची!”

मग मुलींची रांग लागली. वरून, खालून, उलट्या स्टिकनं, दोघी मिळून. सगळे काही अडले नाहीत. आणखी दोन आत गेले. पण जे अडले ते बघायला परांजपेंचा नातूसुद्धा भिंतीवर चढला. बाबा आधी हाताची घडी घालून उभे होते. मग कधी तरी त्यांनी घडी सोडली आणि गोलच्या मागे जाऊन बाहेर गेलेले बॉल उचलून द्यायला लागले, इस्त्रीच्या शर्टात, वाकून वाकून.

व्हिडिओ होता तसा गेला. लोक कचोऱ्या खात होते तेव्हा फोन वाजला. यामिनी घामानं निथळत, एक पॅड सोडलेला, एक बांधलेला, अशी गोलच्या खांबाला टेकून बोलली. “जी सर... जी... हां, वो पहला वाला... जी, पता है सर.” तिनं फोन ठेवला. घरचे सगळे तिच्याभोवती असे जमले होते की मागच्यांना काही दिसेना.

“अंगठा फ्रॅक्चर आहे,” ती म्हणाली. “उद्या दुपारचं तिकीट पाठवतायत.”

काकानं ढोलवाल्याला खूण करायला हात उचलला. यामिनीनं तो धरून खाली केला.

“थांब, पूर्ण ऐक. सर म्हणाले, गुडघा पाहिला, छान आहे. पण तो पहिला गोल कॅम्पमधेही तुला तिथेच बसतो. बघ जरा त्याच्याकडे.” तिनं घाम पुसला आणि शमिकाकडे पाहिलं. “हेच मला तिथे कोणी तोंडावर सांगत नव्हतं. सगळ्या ज्युनियर पोरी सांभाळून मारतात, दीदी म्हणून.”

“मी नाही मारत,” शमिका म्हणाली.

“दिसलं ते.” यामिनीनं आकाशाकडे बघून उजेडाचा अंदाज घेतला आणि सुटलेला पॅड पुन्हा बांधायला बसली. “दादा, बॉल गोळा करशील ना? वहिनी, माझ्या दोन ठेवा. शमे, जा वर्तुळावर. उजवीकडे. मी सांगेपर्यंत फक्त उजवीकडे.”

शमिकानं हातातली अर्धी कचोरी काकाच्या हातात कोंबली आणि स्टिक घेऊन पळाली.